घुमटाच्या कडेचं नाणं

मशीन नवसाला पावलं असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी साक्रीची दिपमाला. जळगावच्या एमआयडीसीत, सुगनचंद शेठच्या कारखान्यात ते मशीन मीच चालवते. काचेवर थर चढवतो आम्ही, केसाच्या हजाराव्या भागाएवढे पातळ, एकावर एक. मग त्या साध्या काचेतून फक्त हिरवा उजेड पार होतो, बाकीचा अडतो. रोज बघते, तरी रोज अंगावर काटा येतो.

शेठची मुलगी आयुषी हे शिकून आली आणि हट्टानं मशीन आणवलं. पण माल दोन रंगांचा निघू लागला. एकाच खेपेत काही काचा हिरव्या, काही पिवळसर. गिऱ्हाइकानं दोनदा परत पाठवल्या. शेठ म्हणाले, "अजून एक खेप अशी निघाली, तर मशीन विकून टाकीन, सोमवारी धुळ्याचा माणूस उचलून नेईल." आयुषीच्या तोंडचं पाणी पळालं. माझंही, खोटं कशाला बोलू.

सगळं खोलून बघितलं. आतली हवा पूर्ण निघत होती, थराच्या पदार्थाची वाफ खालून सरळ वर जात होती, काचा लावलेला घुमट फिरत होता. हात लावला नाही तो एकाच गोष्टीला. मुहूर्ताच्या दिवशी आयुषीच्या आईनं, प्रेमकुंवरकाकींनी, घुमटाच्या कडेला चांदीचं भलंमोठं नाणं तारेनं बांधलं होतं. लक्ष्मी आत बसली म्हणे. लक्ष्मीवर संशय घ्यायची कुणाची टाप? आमच्या मनातही आलं नाही.

शेवटी आयुषी म्हणाली, "काचा डब्यात भरू नकोस. घुमटावर जिथं होत्या तशाच मांड." पांढऱ्या कापडावर मी गोल मांडला. तेवढ्यात काकी डबा घेऊन आल्या, लेकीनं दिवस मावळायच्या आत जेवावं म्हणून. काचा बघून थबकल्या. एका बाजूला पिवळं दाट, तिथून विरत विरत हिरवं.

"इथं माझं नाणं आहे ना गं?" त्या हळूच म्हणाल्या.

आयुषीनं मान डोलावली. घुमट हलका, मधल्या दांड्यावर लटकलेला. वजनानं ती कड जराशी झुकत असेल, तिथल्या काचा वाफेच्या जवळ जाऊन थर जाड बसत असेल, असं तिनं सांगितलं. जराशी, बरं का. तेवढ्यानं रंग बदलतो.

मला वाटलं, आता रुसतील. पण त्यांनी चपला काढल्या, हातमोजे घातले आणि स्वतःच तार सोडली. बाई देवाला जागेवरून उठवत होती, गंमत नव्हे.

सोमवारी सकाळी नवी खेप निघाली. धुळ्याचा टेम्पो दाराशी उभाच होता. घुमटाच्या वर दिवा लावला, आणि काय सांगू, बठ्ठा घुमट हिरवा. मधोमधपासून कडेपर्यंत एकच हिरवा, कोवळ्या गव्हासारखा. शेठनी बाहेर जाऊन टेम्पो परत पाठवला.

काकींनी एक काच उजेडात धरून तिरपी केली. हिरवा सरकत सरकत निळसर झाला. सरळ केली, परत हिरवा. कमरेला खोचलेलं नाणं त्यांनी एकदा चाचपलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"दिपमाला," त्या म्हणाल्या, "तो दिवा जरा राहू दे."