काशाप्पाची शीळ

नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत न्हाई. काशाप्पा. तर ह्या काशाप्पाचं खालचं अर्धं तोंड मागल्या म्हैन्यापास्नं मेल्यालं हाय. अक्कलदाढ काढायला कलबुर्गीला गेले अन् ओठाचा उजवा अर्धा तिथंच ठिवून आले! वारं लागलं की हनुवटीतून कानापतुर करंट बसतंय, मग दुपारभर डोस्कं ठणकतंय. डॉक्टर म्हनला, "दाढेखालची नस दुखावलीय, सहा महिने वाट बघा." हासत सांगितलं मुडद्यानं. मला त्याचीच दाढ उपटावी वाटली.

जेवताना हनुवटीवर आंबील वघळती, ह्यांना पत्ता न्हाई. "पुसा," मी म्हनते. दिसातून धा बार म्हनते. चिडतेत, पन पुसतेत.

ते चालतंय वो. शीळ गेली, ते चालंना. आमची साठ मेंढरं ह्यांच्या शिळीवर चालत्यात. आता ओठ जुळवले की नुसती थुकी उडती.

"म्हाळसे, शीळ न्हाई तर धनगर कामून म्हनायचं मला? सोमवारी मेंढरं इकू," म्हनले. मी रातभर भांडले. पन रडले न्हाई.

शनवारी निंबर्ग्याच्या तळ्यावर अंकुशराव धनगराचा कळप आमच्या मेंढरांत घुसला. आमा धनगरांत मेंढरं हातानं वडून येगळी करत न्हाईत. दोघं दोन अंगाला उभं ऱ्हायचं, आपापली शीळ घालायची, ज्याची त्याच्याकडं येत्यात. अंकुशरावानं घातली. त्याची निघाली, अन् आमची बी चार-दोन त्याच्यामागं चालली.

ह्यांनी ओठ जुळवले. फुस्स. परत फुस्स. अंकुशराव भला मानूस, पायाकडं बघत ऱ्हायला. ह्यांनी डोस्कं धरलं अन् म्हनले, "सोमवार कशाला, अंकुशरावाला म्हनावं आत्ताच घिऊन जा सगळी."

माझं टाळकं फिरलं. पदर खोचला, दोन बोटं तोंडात घातली, अन् घातली शीळ. आधी लांब, मग दोन आखूड. सासू असती तर तिथंच चेचली असती मला.

म्हाताऱ्या काळ्या मेंढीनं मान वर केली. ती निघाली. मग तिच्यामागं समदी, अंकुशरावाकडं गेल्याली बी.

"अगागागा, वैनी!" अंकुशराव वरडला.

ह्यांनी इचारलं, "कवा शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? लग्नाआधी हिरीवर मला बोलवायला तुमी हीच शीळ घालत हुता न्हवं? मेंढरं मागनं शिकली. आधी माझी हाय ती."

मालक अर्ध्या तोंडानं हासले, उजवीकडनं लाळ वघळली. ह्या बारीला मी पुसा म्हनले न्हाई.

"सोमवारचं काय मग?" मी इचारलं.

"कशाचा सोमवार? तू शीळ घाल, मी काठी धरतो," ते म्हनले. मग माझ्याकडं बघून म्हनले, "पूस."

मी हनुवटी पुसली.

"तिथं न्हवं," म्हनले, अन् आपल्या टावेलानं माझे डोळे पुसले.