शून्य नंबरची वेळ

"पहिलं वळण ओलं आहे, आतून घ्या. मुळांवर शेवाळ आहे, सायकल सरळ ठेवा. नऊ नंबरची पायरी आज सकाळी नवीन केलीये, मस्त झालीये. ब्रेकला हात लावू नका. तसंच सोडा. मी सोडलं, लोण्यासारखं गेलं."

एवढं बोलून वाटाड्याने वॉकीटॉकीचं बटण सोडलं आणि हेल्मेटच्या आत बोट घालून घाम पुसला. बोट डोळ्यात गेलं. तरी त्याचा चेहरा समाधानीच राहिला.

वर, डोंगराच्या माथ्यावर, बासष्ट स्पर्धक दुसऱ्या वॉकीटॉकीभोवती गोळा होऊन हा निरोप ऐकत होते. डोंगरावरून सायकल खाली सोडायची, मध्ये दगड, मुळं, वळणं आणि उड्या, आणि सगळ्यात कमी वेळात जो जिवंत खाली पोचेल तो जिंकला, असा हा खेळ. 'जिवंत' हा शब्द नियमपुस्तकात नाही, पण तसं धरून चालतात. शर्यतीआधी वाट मोकळी आहे का, रात्रीत काही बदललंय का, हे बघायला एक माणूस सगळ्यांच्या पुढे खाली येतो. तो वाटाड्या. त्याच्या हँडलवर शून्य नंबरची पाटी असते आणि त्याची वेळ लावत नाहीत. त्याचा निरोप वर पोचला की मगच घड्याळ सुरू करायचं, ही तिथली रीत.

बारा वर्षं तो हे करत होता. पोटासाठी तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. म्हणजे सोमवार ते शनिवार लोकांना वर न्यायची सोय करायची आणि रविवारी स्वतः खाली यायचं. लिफ्ट चालू असली की मेकॅनिक कुणाला आठवत नाही, आणि बंद पडली की आठवतो तो शिव्या घालण्यापुरता. डोंगरावर मात्र बासष्ट माणसं त्याच्या शब्दावर जीव टाकायची. अक्षरशः.

"माझी वेळ लावली असती ना, तर पहिल्या दहात असतो मी," असं तो बायकोला दर सीझनला सांगे.

"मग लावून घे की."

"शून्याला वेळ लावत नाहीत."

"का?"

"नियम आहे."

"बरंय बाबा तुझं," बायको म्हणे. "मलाही असा एखादा नियम मिळाला तर बघ."

तरुणपणी तो एकदा शर्यतीत अकरावा आला होता. त्या दिवशी अकराच जण खाली पोचले होते, पण एवढ्या तपशिलात तो शिरत नसे.

यंदाच्या सीझनला सहा शर्यती होत्या, तीन डोंगरांवर दोन-दोन. ही पाचवी. मुलींमध्ये पहिल्या चारपैकी तीन जिंकलेली एक एकोणीस वर्षांची पोरगी होती. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना 'आता दिसतंय का?' असं विचारायची आणि रविवारी काहीही न बघितल्यासारखी डोंगरावरून सुटायची, म्हणून तिला सगळे गोळी म्हणत. आणखी एक शर्यत जिंकली की सीझन तिचा होता. सकाळी माथ्यावर ती वाटाड्याला म्हणाली होती, "काका, तुम्ही सांगता ते मी डोळे मिटून करते."

"डोळे उघडे ठेव बाई," वाटाड्या म्हणाला होता, आणि पहिल्या वळणापर्यंत एकटाच हसत गेला होता.

रात्रीच्या पावसाने नऊ नंबरच्या पायरीची कड खाल्ली होती. पायरी म्हणजे पुरुषभर उंचीची उडी. उडीखाली सायकल अलगद झेलायला एक उतार, आणि उतार संपला की सपाट, टणक जमीन. तिन्ही डोंगरांवरच्या वाटा ज्याने खोदल्या त्या फावडेवाल्याने सकाळी तिथे नवी माती ठोकली होती. सराव सगळ्यांनी आदल्या दिवशी जुन्या कडेवरून, ब्रेक लावूनच केला होता. नव्या कडेवरून फक्त वाटाड्या आला होता.

गोळी पहिलीच सुटली. तिने ब्रेकला हात लावला नाही. ती हवेत इतका वेळ होती, की तिथे उभ्या असलेल्या पंचाने शिट्टी तोंडात घातली, वाजवली आणि पुन्हा बाहेर काढली, तरी ती उतरायची होती. उतार तिच्या खालून तसाच निघून गेला. ती सपाटीवर उतरली.

मांडीचं हाड मोडलं.

शर्यत चाळीस मिनिटं थांबली. मग बाकीचे सगळे पायरीवर ब्रेक लावून खाली आले.

दुपारी वाटाड्या खालच्या तंबूत घड्याळकाकांजवळ बसून होता. काका शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. शर्यतीचं घड्याळ सांभाळायचे आणि त्याला कुणी हात लावू नये म्हणून त्याच्यावर रुमाल घालायचे. सकाळी चाचणीसाठी त्यांनी मशीन चालू केलं होतं आणि बंद करायला विसरले होते. मशीनने निकालाची लांबलचक पट्टी बाहेर टाकली. काहीतरी बघायचं म्हणून वाटाड्या ती बघत होता. पहिला, तीन अडतीस. मग भलीमोठी रांग. शेवटून दुसरा एकजण होता, ज्याचं पुढचं चाक फुटलं होतं आणि जो अर्धा डोंगर सायकल खांद्यावर घेऊन पळत आला होता. चार सत्तेचाळीस.

त्याच्या खाली शून्य नंबर होता. चार बावन्न.

"काका, हे काय आहे?"

काकांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. "मशीन बिघडलंय."

"बाकीच्यांचं बरोबर आहे."

"बाकीच्यांपुरतं नाही बिघडलेलं."

"काका."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं, पट्टीचं शेवटचं टोक फाडलं, तोंडात घातलं आणि थंड चहाच्या घोटाबरोबर गिळलं. "संपलं," ते म्हणाले. "आता बोलू नकोस कुणाला. मला पित्त आहे, तरी केलं तुझ्यासाठी."

वाटाड्या मनात आकडे जुळवत बसला. गोळीची या उतारावरची वेळ चार मिनिटांच्या आसपास असे. ज्या वेगाने तो पायरीवरून सुटला होता त्या वेगाला ब्रेक लागतच नव्हता. निरोप खरा होता. पण तो त्याच्यासारख्या माणसासाठी होता, आणि वर त्याच्यासारखं कुणीच उभं नव्हतं.

बुधवारी कामावरून सुटल्यावर तो दवाखान्यात गेला. गोळीचा पाय वजन लावून टांगलेला होता. शेजारी तिची आई संत्रं सोलत होती, आणि खाणारं कुणी नसल्यामुळे फोडी बशीत नीट गोल लावून ठेवत होती.

"काका, चूक माझीच झाली," गोळी म्हणाली. "तुम्ही सोडता तसं मला नाही जमलं."

"अगं..."

"नाही, खरंच. तुम्ही एवढ्या जोरात येऊन बरोबर उतारावर पडता. मी व्हिडिओ बघितला माझा. माझी मान वर होती. मानेचंच काहीतरी असणार."

"मान बरोबर होती तुझी," वाटाड्या म्हणाला.

"डॉक्टर म्हणतात, सळई घालू, वर्षभर थांब, मग बघू. 'मग बघू' म्हणजे काय असतं हो काका?"

वाटाड्याने बारा वर्षं नादुरुस्त लिफ्टसमोर उभं राहून लोकांना हेच वाक्य ऐकवलं होतं. त्याचा अर्थ त्याला नेमका माहीत होता. पलंग वरखाली करायची दांडी करकरत होती, ती घट्ट करायला तो खाली वाकला. काम दोन मिनिटांचं होतं. त्याला वीस लागली. वर आला तेव्हा पोरीला झोप लागली होती.

"घ्या," तिच्या आईने बशी पुढे केली. त्याने एक फोड घेतली आणि ती हातात धरून बसस्टॉपपर्यंत आला.

शनिवारी चौकशी बसली. क्लबची खोली टायरच्या दुकानावर होती, त्यामुळे तिथे घेतलेल्या सगळ्या निर्णयांना रबराचा वास येई. टेबलामागे क्लबचे साहेब, समोर फावडेवाला, भिंतीला टेकून काका आणि वाटाड्या.

"कड उंच झाली होती," साहेब म्हणाले.

"चार बोटं," फावडेवाला म्हणाला. "चार बोटं माती घातली. पहिल्याएवढीच केली."

"पाच असतील."

"बोटं माझी आहेत साहेब. मोजलेली आहेत."

"हे बघ, कुणावर तरी येणारच ना हे. पोरगी आयुष्यातून उठली असती. यापुढे वाटांचं काम आपण दुसऱ्याला देऊ. तू असं वाईट वाटून घेऊ नकोस."

फावडेवाल्याने स्वतःचे हात टेबलावर ठेवले, उलटे केले, परत सुलटे केले. "मग रविवारी मी काय करायचं?" त्याने विचारलं. तो टिंगल करत नव्हता. त्याला खरंच माहिती हवी होती. त्याच्या घरी कुणी नव्हतं, आणि माणसांपेक्षा मातीशीच त्याचं जास्त बोलणं होतं.

वाटाड्याने ठरवलं होतं की बोलायचं नाही. गेले सहा दिवस ठरवत होता. तो उठला.

"कड बरोबर होती. निरोप चुकीचा होता. मी हळू येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे हळू. चार बावन्न. पंक्चरवाल्याच्या मागे."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. "नोंद आहे?"

"होती," काका म्हणाले आणि त्यांनी पोटावर हात ठेवला.

"कुठे गेली?"

"गेली निसर्गनियमाने."

साहेबांनी नियमपुस्तक उघडलं. "शून्य नंबरला वेळ नसते. वेळ नाही म्हणजे तो हळू नसतो आणि जलदही नसतो. तो नुसता असतो. तू उगाच स्वतःवर ओढवून घेऊन मित्राला वाचवू नकोस."

"तो माझा मित्र नाहीये."

"हे खरंय," फावडेवाला म्हणाला. "आम्ही बोलतही नाही फारसं."

"मग घड्याळ लावा," वाटाड्या म्हणाला. "शेवटची शर्यत याच डोंगरावर आहे. पायरी तीच, कड तीच. सगळ्यांसमोर लावा मला घड्याळ."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि गॅस बंद केला. "मुद्दाम हळू जाशील?"

"मुद्दाम गेलो तर पोरांना लगेच कळेल. अंगावरून कळतं ते. जेवढं जोरात जाता येईल तेवढंच जायला लागणार."

"आणि लवकर पोचलास तर?"

लवकर पोचला तर फावडेवाला संपला, हे त्याला कळत होतं. पण मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात अजूनही कुणीतरी हेल्मेट घालून तयार बसलं होतं, आणि ते काही उठायला तयार नव्हतं. बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ती जास्त काही बोलली नाही. बावीस वर्षांत असं दोनदाच झालं होतं.

सहाव्या शर्यतीच्या दिवशी स्पर्धक वरून खाली येऊन दोरीपाशी उभे राहिले. काकांनी घड्याळावरचा रुमाल काढून खिशात घातला. वाटाड्या सुटला.

त्याने काहीही राखून ठेवलं नाही. पहिलं वळण त्याने इतकं आतून घेतलं की खांदा मातीला घासला. मुळांवर दात वाजले. सातव्या वळणाला त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की दोरीपलीकडची एक बाई म्हणाली, "अहो, बरं नाहीये का यांना?" वारा कानात ओरडत होता, झाडं मागे पळत होती आणि आपण फार जोरात आहोत अशी त्याची पक्की खात्री होती. पायरी आली. त्याने ब्रेकला हात लावला नाही. सायकल उतारावर अलगद टेकली, लोण्यासारखी. तेव्हा त्याला कळलं. लोणी पुरावा म्हणून पुरेसं होतं. उरलेला अर्धा डोंगर तो तरीही पूर्ण ताकदीने उतरला.

फळ्यावर आकडे आले. चार एकोणपन्नास.

तीन सेकंदांनी सुधारणा होती. तीन सेकंद त्याला आनंद झाला.

कुणीतरी टाळी वाजवली आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन थांबवली. तरुण पोरं बुटांकडे बघत होती. बारा वर्षं ज्याच्या शब्दावर ती सुटली त्या माणसाची वेळ आता त्यांना माहीत होती, आणि प्रत्येकजण मनात जुन्या उड्या मोजत होता. साहेबांनी कागदावर सही केली. वाटांचं काम फावडेवाल्याकडेच राहिलं. शून्य नंबर पुढच्या सीझनपासून दुसऱ्याला देऊ आणि त्यालाही वेळ लावू, असं त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. वाटाड्याने मान डोलावली. त्या दिवशी निरोप त्याने दिला नाही, कुणी मागितलाही नाही.

स्पर्धक गाडीतून वर गेले. वाटाड्याला कुठे उभं राहायचं ते कळेना. बारा वर्षं तो शर्यत तंबूत बसून, आकड्यांतच बघत आला होता. तो वाटेच्या कडेकडेने चढत नऊ नंबरपाशी पोचला. फावडेवाला तिथे फावड्यावर हात टेकून उभा होता.

"चार बोटंच होती," फावडेवाला म्हणाला.

"हो."

"गोळी कशी आहे?"

"परवा सळई घातली. रागावली नाही माझ्यावर. सगळं सांगितलं मी तिला."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, काका, तुम्ही या आता."

फावडेवाल्याने कडेवरचा एक खडा उचलून लांब टाकला. वर शिट्टी वाजली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग झाडांमधून एक फाटल्यासारखा आवाज आला, आणि वाटाड्याने मान वळवेपर्यंत पहिला स्पर्धक त्याच्या डोक्यावरून गेलासुद्धा. चेहऱ्यावर माती उडाली. ब्रेक लावूनही तो उताराच्या अगदी टोकाला टेकला होता.

"मागे सरक," फावडेवाला म्हणाला.

वाटाड्या मागे सरकला. दुसरा आला आणि गेला.

"अजून."

तो अजून मागे सरकला.