दोन डाव्या बाह्या

लेकीने दुसरी बाही कापताना कागदी नमुना उलटायचा राहिला आणि कोटाला दोन डाव्या बाह्या झाल्या. शिवणघराच्या मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "दोन महिन्यांनी मखमलीचा कोट तुझ्याकडे येणार आहे. तो बिघडला तर दुसरीकडे काम बघ." कात्री हातात आल्यापासून या मुलीला दुसरं काही करायचंच नव्हतं. ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराचं, निदान करून गोळी लिहून दिली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

बाबा मात्र उसळले. आयुष्यभर शाळेच्या मैदानावर पोरांना पळवलेला माणूस. सर्दीपासून प्रेमभंगापर्यंत सगळ्यावर त्यांचा इलाज एकच. "गोळ्या कसल्या गिळतेस? सकाळी माझ्याबरोबर धाव, डोकं कसं लख्ख होतं बघ!"

पोरगी गुणाची. गोळ्या कपाटात ठेवल्या आणि कडाक्याच्या थंडीतही बाबांच्या आधी बूट घालून दारात हजर. फरक पडला, तिने तो कबूलही केला. "सकाळ झकास जाते, बाबा. दुपारी मात्र कापड हातात आणि मन भलतीकडेच."

"मग संध्याकाळीही धावू," बाबा म्हणाले. हट्टीपणात त्यांचा हात कोण धरणार?

आणि एके सकाळी फुटपाथच्या कडेवर त्यांचाच पाय मुरगळला. हाड मोडलं, प्लास्टर चढलं, धावणं बंद.

आठवडा गेला नाही तोच बाबांनी नळ सुरू ठेवून फोन घेतला. चहाचं भांडं जाळलं. चष्मा फ्रीजमध्ये सापडला. पेपरातली एक बातमी काही केल्या पुरी वाचून होईना. लेक कामावरून येई आणि निमूट फरशी पुसे. "बघा!" असं एकदाही म्हणाली नाही. तिच्या जागी ते असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

त्या संध्याकाळी ती जळकं भांडं घासत होती. बाबांनी हळूच विचारलं, "तुझं असंच होतं?"

"रोज."

"लहानपणापासून?"

"हो, बाबा."

आपल्याला आठवडाभर झेपेना, ते ही पोर इतकी वर्षं वागवत होती. वर आपला मान राखायला धावतही होती. कुबडी टेकत बाबा कपाटाशी गेले आणि गोळ्यांचं पाकीट तिच्यापुढे ठेवलं.

"उद्यापासून घे. धावणंही सोडू नकोस."

जादूबिदू काही झाली नाही. सुरुवातीला भूक मेली, मग डॉक्टरांनी प्रमाण बदललं. पण दुपारी हातातलं काम हातात राहू लागलं, आणि सकाळी ती एकटीच धावायला जाऊ लागली. बाबा खिडकीतून बघत राहायचे.

महिन्याने तिने फोनवर मखमली कोटाचा फोटो दाखवला. बाबांनी चष्मा पुसून बघितलं. एक बाही डावी, एक उजवी.

"तुझ्या डॉक्टरांकडे पुन्हा कधी जायचंय?"

"गुरुवारी. का?"

"मलाही ने," बाबा म्हणाले. "पाय दाखवायला नाही."