मी शब्दकोश आहे, पोथी नव्हे!

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. परवापर्यंत मी सोलापुरात, बाळीवेशीजवळच्या सिद्रामप्पांच्या देवघरात, तांबड्या फडक्यात बांधलेला होतो. येणारेजाणारे माझ्या पाया पडत. कुणी फूल वाही, कुणी उदबत्ती लावी, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होई. शब्दकोशाला कधी कुणी नमस्कार करतं का हो?

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. तिथल्या कामगारांनी डोळे फोडून अक्षरांचा एकेक खिळा जुळवला. बांधणी करणाऱ्याने माझ्या कडेला प्रत्येक अक्षरासाठी एक अर्धगोल खाच कापली. ज्या अक्षराचा शब्द अडेल त्या खाचेत बोट घालायचं आणि मला उघडायचं, एवढीच गोष्ट. ती कळायला काय काशीला जायला हवं होतं?

सिद्रामप्पा ज्वारीचे व्यापारी. त्यांची मुलगी शिवम्मा अकरावीत, म्हणजे मॅट्रिकला होती. तिला नर्स व्हायचं होतं, पण बहात्तर सालच्या सहामाहीत तिचं इंग्रजी गेलं. सिद्रामप्पांनी मला विकत आणलं आणि तिला बजावलं, "पूर्वपरीक्षेत इंग्रजी निघालं तर शिक. न्हाय निघालं तर शाळा बंद. मैंदर्गीच्या पाव्हण्यांना मी लग्नाला व्हय म्हणून सांगणार."

माणूस वाईट नव्हता. दुकानातून नेताना त्यांनी मला लेकरासारखं छातीशी धरलं होतं. पण घरी नेऊन काय केलं असेल? मला पाटावर ठेवलं, विभूती लावली आणि शिवम्माला सांगितलं, "रोज आंघोळ करून एक पान पाठ म्हणायचं. फुडचं पान आधी काढायचं न्हाय, पारायण मोडतं." खुणेला पानात बेल ठेवला.

झालं! रोज सकाळी ती पोर मांडी घालून ए, मग बी, मग सी असं घडाघडा म्हणू लागली. शेजारीपाजारी दारात उभे राहून कौतुकाने माना डोलवत. मी आतल्या आत जळत होतो. अहो, माझ्यात हजारो शब्द आहेत, ते काय रांगेने घोकायला? धड्यात एम किंवा पीचा शब्द अडला तर ती माझ्या खाचेकडे नुसती बघत बसे. वडिलांचा शब्द मोडायची तिची छाती नव्हती.

बरं, पाठ केलेल्या शब्दांचा उपयोग तरी व्हावा! 'माझी आई' या निबंधात तिने आपल्या आईला, निंगव्वाला, 'कलॉसल' करून टाकलं. कलॉसल म्हणजे अवाढव्य. इंग्रजीच्या बाई हसून म्हणाल्या, "अगं, ही आई आहे की किल्ला? आधी वाच. अडेल तो शब्द शोध. मग त्याचं तुझं स्वतःचं वाक्य कर, तेव्हा तो तुझा होईल."

शिवम्माने हे घरी सांगितलं. सिद्रामप्पा म्हणाले, "बाईंना पारायणातलं काय कळतंय?" त्या क्षणी मला हात असते ना, तर मी कपाळ बडवून घेतलं असतं.

त्या वर्षी पाऊस नव्हता. विहिरी आटल्या, नळ कोरडे पडले. शिवम्मा पहाटे उठून टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राही, मग पारायण, मग शाळा. जानेवारीत पूर्वपरीक्षा आली. त्या दुपारी ती घरी परतली ती चपला न काढता, हातपाय न धुता थेट देवघरात शिरली. तिने मला पाटावरून ओढलं, डीच्या खाचेत बोट घातलं आणि असं खसकन उघडलं की पान फाटलं.

"अगं ए!" सिद्रामप्पा ओरडले. "आंघोळ न्हाय, काय न्हाय, फुडचं पान काढलीस?"

शिवम्मा मोठ्याने वाचू लागली, "ड्राउट. दुष्काळ, अवर्षण." मग ती वडिलांकडे वळली. "अप्पा, आज निबंध ह्येच्यावरच हुता की! आन् मला सबूदच ठाव न्हाय. पहाटेपासनं त्याच्याच रांगेत घागर घिऊन हुबी हुते मी, आन् तितं कागद कोरा ठेवून आले. का, तर आपलं पारायण अजून सीवरच हाय!"

निंगव्वा चुलीपासून उठली. तिने माझ्यातला बेल काढून महादेवाच्या पिंडीवर ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "बंद करायचंच आसंल तर तुमचं पारायण बंद करा. पोरीची शाळा न्हाय."

पूर्वपरीक्षेत इंग्रजी गेलंच. पण सिद्रामप्पांनी मैंदर्गीला निरोप धाडला नाही. "मार्चपातूर बघू," एवढंच पुटपुटले.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले खरे दिवस! मी चुलीशेजारी उघडलो, पाण्याच्या रांगेत पालथ्या घागरीवर उघडलो. माझ्यावर हळदीची बोटं उमटली, चहा सांडला, शिवण उसवली. शिवम्मा वाचायची, अडायची, शोधायची आणि लगेच निंगव्वाला त्या शब्दाचं वाक्य करून ऐकवायची. निंगव्वाला इंग्रजी ओ का ठो कळत नव्हतं, तरी ती म्हणायची, "आता बरं वाटतंय कानाला." मार्चच्या बोर्डाच्या परीक्षेत शिवम्माचं इंग्रजी निघालं आणि ती मिरजेला नर्सिंगला गेली.

आता तरी शहाणपण यावं की नाही? छे! सिद्रामप्पांनी मला तांबड्या फडक्यात बांधलं, पुढे नारळ ठेवला आणि पेठेत सांगत सुटले, "शब्दकोश पावला!" परीक्षा आली की आळीतली पोरं रांगेने येऊन माझ्यापुढे डोकं टेकत आणि न उघडताच निघून जात. तीन वर्षं हे चाललं. मेहनत त्या पोरीची, बुद्धी तिची आणि नवस मला! संताप येणार नाही तर काय?

परवा शिवम्मा सुट्टीला आली. तेव्हा शेजारची बसव्वा माझ्यापुढे हात जोडून उभी होती.

"कुटला शब्द आडलाय गं?" शिवम्माने विचारलं.

"रिझर्वॉयर," बसव्वा हळूच म्हणाली. "धरणाचा धडा हाय."

शिवम्माने फडक्याची गाठ सोडली. "अगं, पूजा झालीया की त्याची!" सिद्रामप्पा कळवळले. तिने ऐकलं नाही. बसव्वाचं बोट धरून तिने आरच्या खाचेत ठेवलं, आणि बसव्वाने अडखळत वाचलं, "जलाशय. पाण्याचा मोठा साठा." मग म्हणाली, "म्हंजी उजनीला आमच्या मामाचं गाव ज्येच्याखाली जाणार हाय, त्येच की!"

सिद्रामप्पांनी माझ्यापुढचा नारळ उचलून बाजूला ठेवला. शेवटी म्हणाले, "ने घरी. पर पोरी, हात तरी धुऊन उघडत जा."

आता मी बसव्वाच्या दप्तरात आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ कपाटात, कव्हर घालून, अगदी कोरा करकरीत उभा असेल. त्याला नमस्कार करू नका. हात धुवा, हवं तर धुऊही नका, पण त्याला उघडा. माझं डीचं पान अजून फाटलेलंच आहे, आणि ते कुणी चिकटवू नये असं मला वाटतं.