हलक्या पायाची सिस्टर आणि माझा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. गडद हिरवा रंग, गोल डोळ्यांसारखे दिवे, आणि थंडीच्या सकाळी सुरू होताना येणारा थोडासा खोकला. माझ्या जातीच्या गाड्या आता रस्त्यावर फारशा दिसत नाहीत. लोक वळून पाहतात, लहान मुलं हात हलवतात. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

माझे पहिले मालक डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यात एक नर्स होत्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणत. डॉक्टरांनी नवी गाडी घ्यायची ठरवली तेव्हा सिस्टरनी मला मागून घेतलं. घरी पोचलो तर त्यांचे यजमान फाटकात उभे. ते शिंपी होते. गल्ली त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही म्हणते. मला पाहून ते म्हणाले, "अगं, ही गाडी आहे की चाकं लावलेलं कपाट?" आणि दुसऱ्याच दिवशी माप घेऊन त्यांनी माझ्या सीटना करड्या कापडाचे अभ्रे शिवले. शिलाई अजून उसवलेली नाही.

त्यांची लेक माझ्या मागच्या सीटवर वाढली. तिथेच तिने पाढे पाठ केले, तिथेच ती झोपली, एकदा पोटभर चॉकलेटं खाऊन तिथेच ओकलीही. मोठी झाली, नोकरीला लागली, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. सिस्टर निवृत्त झाल्या. काकांची नजर मंदावत गेली, सुईत दोरा ओवता येईना, आणि त्यांनी दुकान बंद केलं.

तेव्हापासून दुपारचा चहा झाला की सिस्टर त्यांना माझ्यात बसवून फिरवून आणत. रस्त्यावरचं सगळं त्यांना सांगत. "अहो, समोरून एक साहेब येतायत. कोट असा शिवलाय की एक खांदा वर, एक खाली." काका खो खो हसत. "थांबव गाडी, उसवून देतो त्याचा!" दिवसभर गप्प असणारा माणूस माझ्यात बसला की बोलायला लागायचा. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस तेच.

मग माझा ब्रेक रुसला.

एकदा आम्ही सिग्नलला उभे होतो. सिस्टरचा पाय पहिल्यापासून हलका. झोपलेल्या रोग्याला जाग येऊ नये म्हणून वॉर्डात जशा चालायच्या, तशाच ब्रेक दाबायच्या. त्या दिवशी त्यांच्या पायाखाली पायडल हळूहळू खाली जाऊ लागलं, मऊ वाळूत पाय रुतावा तसं. मी इंच इंच पुढे सरकू लागले. त्यांनी घाईने पाय उचलून पुन्हा दाबला, तर ब्रेक एकदम घट्ट!

त्यांनी मला गॅरेजमध्ये नेलं. तिथले मिस्त्री मनापासून काम करणारे. त्यांनी ब्रेक ऑइल पाहिलं, ते भरलेलं होतं. चाकं काढून पाहिली, कुठे गळती नाही. मग मला रस्त्यावर पळवून त्यांनी कचकन ब्रेक मारला. मी जागच्या जागी उभी. "सिस्टर, ब्रेक एकदम टकाटक आहे," ते म्हणाले.

पण काही दिवसांनी तेच झालं. मिस्त्रींनी पाइपांतली हवा काढली, पुन्हा कचकन ब्रेक मारून पाहिला. टकाटक. लेकीनेही चालवून पाहिलं. "आई, हा तर दगडासारखा आहे गं!" मला ओरडून सांगावंसं वाटे की काहीतरी बिघडलंय. पण मला हॉर्नशिवाय वाचा कुठली?

आणि मग शाळेजवळचा उतार आला. खाली मुलं रस्ता ओलांडत होती. सिस्टरनी लांबूनच, नेहमीसारखा हळूच ब्रेक दाबला आणि पायडल पार तळाला गेलं. पुन्हा दाबून बघण्यात क्षणही न घालवता त्यांनी गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला, मला फुटपाथच्या कडेला घासवलं. मी मुलांच्या अलीकडे थांबले. कुणाला खरचटलंही नाही. पण सिस्टरचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात, आणि काकांनी अंदाजाने त्या हातांवर आपला हात ठेवला.

कळलं तशी लेक धावत घरी आली. "आई, ब्रेक चांगला आहे. आता वय झालंय, पाय निसटत असेल. विकून टाकू ना ही गाडी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे सिस्टरना रागावताही आलं नाही. त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली.

माझ्यावर कापडाचं आच्छादन पडलं. दुपारी चहाच्या कपांचा आवाज यायचा, पण फाटक उघडायचं नाही. काका पुन्हा गप्प झाले.

विकण्याआधी लेकीने मला शेवटचं तपासायला गॅरेजमध्ये नेलं. काका हट्टाने बरोबर आले, म्हणून सिस्टरही आल्या. मिस्त्री ब्रेकची तारीफ करू लागले तसे काका म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही सगळ्यांनी ब्रेक दाबलात. पण हिच्यासारखा कुणी दाबला का?"

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. मग त्यांनी माझं दार उघडलं. "सिस्टर, बसा. मी खाली वाकून पायडल बघतो. तुम्ही रोज दाबता तसाच दाबा, आणि पाय तसाच ठेवा."

सिस्टर बसल्या. त्यांचा पाय घाबरत घाबरत पायडलवर आला. कितीतरी दिवसांनी आला होता! पायडल थोडं खाली गेलं, थांबलं, आणि मग सगळ्यांच्या देखत सावकाश तळाला टेकलं.

"आता जोरात!" मिस्त्री ओरडले. घट्ट.

"पुन्हा हळू." तळाला.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी माझा मास्टर सिलिंडर खोलला. ब्रेक दाबला की त्यातलं एक छोटं रबर तेलाला चाकांकडे ढकलतं. ते रबर तळहातावर ठेवून ते म्हणाले, "हे बघा, कड झिजलीय. जोरात दाबलं की ही कड फाकून घट्ट बसते. हळू दाबलं की तेल कडेने मागच्या मागे निसटतं. तेल बाहेर येतच नाही, मग गळती दिसणार कुठून? आणि आम्ही आपले प्रत्येक वेळी कचकन ब्रेक मारत बसलो. चुकलंच माझं, सिस्टर."

लेक आईजवळ गेली. "आई, मी तुझ्या पायाला नावं ठेवली गं."

"तू एकटीने नाही," सिस्टर म्हणाल्या. "मलाही तसंच वाटायला लागलं होतं. हल्ली जिना उतरतानासुद्धा मी पाय बघून टाकत होते." आणि इतके दिवस न रडलेल्या सिस्टर माझ्या स्टिअरिंगवर डोकं टेकून रडल्या. लेक दारातच उकिडवी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

नवं रबर बसलं. मिस्त्रींनी ब्रेक हळू दाबून पाहिला, जोरात दाबून पाहिला, मग सिस्टरना दाबायला लावला. माझ्या विक्रीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मित्रांनो, जे दुखणं अधूनमधून उठतं, ते दाखवायला गेलं की नेमकं दडी मारतं. माझंही तसंच झालं. तुमच्या घरातलं कुणी म्हणालं, "मला कधी कधी असं होतं," तर "भास असेल" म्हणून मोकळे होऊ नका. थोडा वेळ त्यांच्या शेजारी बसा, ते करतात तसं करून बघा. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना तेलपाणी लागतंच, पण त्याहून जास्त लागतो तो कुणाचा तरी विश्वास.

बरं, फाटक वाजलं. दोघं येतायत. कुठे जायचं यावर त्यांचं अजून जमलेलं नाही, पण काकांनी दार उघडून बसकण मारलीसुद्धा.