मचव्यावरच्या विषाला भिडलेली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. लोणच्याची नव्हे हं! आधीच सांगून टाकते, नाहीतर कोणी बोट बुडवून चाटायचं. माझ्या पोटात लोकांनी भरली ती ब्लीचिंग पावडर. पांढरी, झोंबरी आणि नाक धरायला लावणारी.

मला मातीतून घडवलं, भट्टीत भाजलं, वर तपकिरी चकाकी चढवली, तेव्हा मी काय काय स्वप्नं पाहिली होती! कैरीच्या फोडी, मोहरी, हिंग! माझ्या बहिणी तशाच घरोघरी गेल्या. मी मात्र १९२६ साली मुंबईहून बोटीनं निघाले ती थेट रेवदंड्याच्या सरकारी दवाखान्यात येऊन पडले. तिथला कंपौंडर चांगदेव यानं माझ्यात ती पूड ओतली आणि मी मनातल्या मनात रडले. खरंच रडले.

चांगदेव महाडकडचा. १९१४ सालच्या मोठ्या लढाईत फ्रान्सला जाऊन जखमींच्या इस्पितळात चाकरी करून आलेला. बोलणं मोजकं, शिस्त दांडगी. उन्हाळ्यात तो मला काखोटीला मारून गावच्या विहिरी शुद्ध करायला निघायचा. "आला बाई वासवाला!" म्हणून बायका पदर नाकाला लावायच्या. तो तसाच पुढं चालायचा. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दवाखान्यात झाडलोट करणारी कमळ तेवढी मला जपायची. कोकणातली दमट हवा म्हणजे माझ्या पुडीची वैरीण. बूच जरा ढिलं राहिलं, की पूड मऊ पडते आणि तिचा जोर जातो. म्हणून कमळ दर आठवड्याला माझ्या तोंडावर मेणकापड गच्च आवळायची. मी तिच्यावर चिडायचे. किती आवळावं एखाद्याला!

आता त्या दिवसाची गोष्ट सांगते. अजून आठवली की माझ्या काठावर शहारा येतो.

साल १९२७, नारळी पुनवेचा दिवस. गावातल्या खलीलशेठचा मचवा पावसाळाभर किनाऱ्यावर नारळाच्या विणलेल्या झापांखाली झाकून ठेवलेला होता. मीठ आणि नारळ भरून मुंबईला जाणारं ते मोठं गलबत. आमच्याकडे मचवा पाण्यात लोटण्याआधी त्याला मोरीचं तेल चोळतात. मोरी म्हणजे शार्क मासा. आणि लोटायला सगळा गाव जमतो, जात-धर्म न बघता. सदरे काढायचे, तळवे आणि उघड्या पाठी लाकडाला भिडवायच्या आणि एका दमात ढकलायचं. दुपारी बाराला पुनवेची मोठी भरती होती.

अकराच्या सुमारास खलीलशेठचा धाकटा भाऊ यूनुस चाचपडत दवाखान्यात आला. डोळे सुजून लाल, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजल्यासारखे.

"चांगदेवभाऊ, डोळ्यांत वाळू गेल्यागत हाय. हातांना काय चावलं, कळत न्हाय," तो म्हणाला.

चांगदेवनं वाकून त्याच्या हाताचा वास घेतला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. लसणीचा वास! तोच, फ्रान्सच्या इस्पितळातला.

"काल काय हाताळलंस?"

"दर्यातून पीप वाहून आला होता. आत पिवळट तेल. मोरीचं तेल कमी पडलं, म्हणून मचव्याच्या एका बाजूला तेच चोपडलं. खलीलभायला सांगितला न्हाय, उगा ओरडल. पण लाकडाला चकाकी काय आली, भाऊ!"

"अरे, ते तेल नव्हे! लढाईतलं विष आहे ते. लावताना काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी फोड उठतात. असे शेकडो जण पाहिलेत मी, डोळ्यांवर पट्ट्या बांधून रांगेनं चालणारे." मग एकदम चांगदेव ओरडला, "भरती कितीला?"

"बाराला. गाव जमला असल."

चाळीस माणसं, मित्रांनो! चाळीस उघड्या पाठी आणि ऐंशी तळवे त्या लाकडाला लागणार होते. चांगदेवनं कमळला सांगितलं, "याचे कपडे काठीनं उचल, हात लावू नको. डोळे आणि हात पाण्यानं धूत राहा!" लढाईत या विषावर हीच पूड फासताना त्यानं पाहिली होती. त्यानं मला उचललं आणि धूम ठोकली. मी इतकी कधी हिंदकळले नव्हते.

किनाऱ्यावर फातिहा पढून झाला होता. खलीलशेठची म्हातारी आई रहिमुन्निसा सगळ्यांना बत्तासे वाटत होती. माणसं सदरे काढून मचव्याकडे निघालीच होती.

"थांबाऽऽ! हात लावू नका!"

चांगदेवनं धापा टाकत सगळं सांगितलं. लोक जागच्या जागी खिळले. खलीलशेठ मात्र भडकला. "बाराची भरती गेली, की पाणी उतरल! वर्षाचा पहिला फेरा हाय माझा. औषध आणलाय ना? मग बघताय काय?" असं म्हणून त्यानं माझं बूच उपटलं, नारळाच्या करवंटीनं कोरडी पूड काढली आणि फेकली मचव्यावर.

भस्सकन धूर उठला आणि फळीवर जाळ लपलपला! लोक ओरडत मागं पळाले. "या अल्लाह!" खलीलशेठच्या हातून करवंटी गळून पडली.

"कोरडी नाही टाकायची, शेठ! पाण्यात कालवून लावायची!" चांगदेवनं ओलं गोणपाट मारून जाळ विझवला. पण मी आनंदानं वेडी झाले होते. कारण जाळ उठला, म्हणजे माझ्या पुडीचा जोर शाबूत होता! कमळबाई, तुझे हात सोन्याचे गं!

मग चांगदेवनं सगळ्यांना वारा येतो त्या बाजूला उभं केलं, स्वतः नाकाला ओलं फडकं बांधलं आणि पूड पाण्यात कालवून लांब बांबूला बांधलेल्या काथ्याच्या कुंच्यानं मचव्याला फासली. पिपात उरलेलं विषही तसंच पुडीच्या पाण्यानं मारून पीप खोल पुरलं. ज्या पुडीपायी मी आयुष्यभर लाजले, ती काय लढली म्हणून सांगू! पुढे रसायनाचे एक मास्तर दवाखान्यात आले होते, त्यांनी चांगदेवला तिचं गुपित सांगितलं. त्या विषाच्या रेणूत गंधक असतं. पुडीतला प्राणवायू त्या गंधकाला जाऊन चिकटला, की विषाची नांगी मोडते. पण बेतानं हं! प्राणवायूचा एक घास भरवला तर ते निवतं, दोन घास भरवले तर पुन्हा डंख धरू शकतं. म्हणून कालवायचं, जपून लावायचं, धुवायचं आणि पुन्हा लावायचं. धसमुसळेपणा कामाचा नाही.

त्या धांदलीत बाराची भरती येऊन गेली. खलीलशेठ वाळूत डोकं धरून बसला. "धुतलात, पटला. पण आता याला हात कोण लावल? माझा मचवा इथंच कुजल."

माणसं काढलेले सदरे पुन्हा अंगात घालू लागली. खरंच होतं. दिसत नसलेलं विष गेलं, हे पटायचं कसं?

चांगदेव उठला. तिन्हीसांजेपर्यंत त्यानं फळी आणखी दोनदा धुतली. मग फडकं सोडून त्यानं आपला उघडा तळवा बरोबर विष चोपडलेल्या जागेवर टेकवला. "उद्या सकाळी माझा हात बघा. लाल झाला, तर मचवा जाळून टाका."

"अरे बाळा, काढ तो हात!" रहिमुन्निसा कळवळली. "तुझाच हात का?"

"अम्मा, ते चाळीस आहेत. मी एकटा."

मी त्याच्याशेजारी वाळूत रिकामी बसले होते. पुडीचा कणही उरला नव्हता. चुकून कुठं विष राहिलं असतं, तर आता माझ्याजवळ काहीच नव्हतं. इतकी घाबरले मी!

सकाळी अख्खा गाव जमला. रहिमुन्निसानं चांगदेवचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उलटा केला, सुलटा केला, वास घेतला, डोळ्यांजवळ नेला. तळवा जसा होता तसाच होता. म्हातारी पुढं झाली आणि आपले दोन्ही हात तिनं त्या फळीवर ठेवले.

मग काय! दुपारी भरती चढताच चाळीसच्या चाळीस जण धावले! पाठी भिडल्या, आरोळी उठली आणि मचवा धाडकन पाण्यात शिरला. खलीलशेठ हसत होता की रडत होता, देव जाणे.

यूनुसला दीड महिना पट्ट्यांत काढावा लागला. डोळे वाचले, हातांवरचे डाग राहिले. मी मात्र पुन्हा भरले गेले नाही. पळापळीत माझा काठ तुटला होता. आज अकरा वर्षं मी दवाखान्याच्या माळ्यावर आहे, धुळीत.

मित्रांनो, ओळख नसलेल्या पिपाला हात लावू नका, कितीही कामाचं दिसलं तरी. आणि कोणी धापा टाकत आला, 'थांबा' म्हणाला, तर आधी त्याच्यावर ओरडू नका. ऐका. एक भरती चुकते, चुकू द्या. त्या दिवशी खलीलशेठ रागानं का होईना, थांबला, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याचा मचवा लोटायला ऐंशी हात धडधाकट होते.