एका सेंटिमीटरची माणसं

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे. सुताराने माझ्या एका कडेला पितळ ठोकलं तेव्हा वाटलं होतं, शाळेत जाईन. गेले ती लढाईत मेलेल्यांची मोजदाद करणाऱ्या कचेरीत.

तिथे एक तरुण बाई आलेख काढायच्या. दर वर्षाचा एक स्तंभ. माझ्या एका सेंटिमीटरला शंभर माणसं. पहिला स्तंभ बोटभर होता. "काय सरळ रेघ आहे, बाई," साहेब म्हणाले आणि मीही फुशारले. पुढे स्तंभ वाढत गेले, तशी मला रेघांची धास्तीच बसली.

पाळणाघर बंद पडल्यापासून बाईंची लेक टेबलाखाली खेळायची. बाहेर धडाका झाला की बाईंचा डावा हात आधी खाली जाऊन तिचं डोकं चाचपायचा. उजव्या हातात मी असायचे, घामाने ओली.

एका वर्षी स्तंभ कागदाबाहेर गेला. बाईंनी वर डिंकाने दुसरा कागद जोडला. त्याच आठवड्यात पावाच्या रांगेवर तोफगोळा पडला. तीस माणसं गेली, त्यांत बाईंचा धाकटा भाऊ. बाईंनी जोडकागदावर तीन मिलिमीटर मोजले, रेघ ओढली आणि तिच्यावर बोट ठेवून बसून राहिल्या.

"बाई, आलेख काढायचाय, पताका नाही लावायची," साहेब म्हणाले. "अहवालात बसत नाही हे. प्रमाण बदला. सेंटिमीटरला हजार धरा."

"माणसं मरायची थांबवा साहेब, स्तंभ आपोआप बसेल."

साहेबांनी चष्मा पुसला. "ते माझ्या हातात असतं तर बघायला नको होतं. माझ्या हातात एवढं प्रमाणच आहे."

"आणि माझा भाऊ?"

"आहे ना, त्यातच आहे. आकडा कुठे कमी केलाय आपण?"

खरंच होतं ते. आकडा तोच, पण ती तीस माणसं आता पेन्सिलीच्या रेघेहून बारीक झाली. जुना आलेख फाइलीत मावावा म्हणून साहेबांनी मला जोडावर दाबलं आणि माझ्या पितळी कडेवरून वरचा कागद सर्रकन फाडला. त्या कडेचा मला केवढा अभिमान होता, मित्रांनो.

नव्या आलेखात सगळी वर्षं बुटकी, गुणी मुलांसारखी ओळीत उभी. "तसं फार काही नाही," अहवाल बघायला आलेले पाहुणे म्हणाले आणि चहा प्यायले.

बाईंनी मला पुन्हा हात लावला नाही. मी खणात पडून आहे, माझ्याखाली तो फाटका कागद. काल लेकीने तो काढला.

"आई, मामा यात कुठेय?"

बाईंनी जागा दाखवली. लेकीने मला तिथे लावलं. "एवढासाच?"

बाहेर धडाका झाला, बाईंचा हात लेकीच्या डोक्यावर गेला.

यंदाचा स्तंभ हजाराच्या प्रमाणातही पानाच्या कडेला टेकलाय. साहेब मला शोधत येतील. मित्रांनो, तुमच्या पुस्तकात असा बुटका स्तंभ दिसला, तर पान उलटू नका. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत प्रमाण असतं, ते आधी वाचा. आणि फूटपट्टी कुणी मागितली, तर देण्याआधी एवढं विचारा: मोजायला हवी, की फाडायला?